एकट्या घराचा पतंग कटतो

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा डिसेंबर लागलेला असेल. नाशिकच्या गच्च्यांवर आसाऱ्या फिरू लागल्या असतील आणि वर्गात मागच्या बाकांवरची मुले बोटांवरच्या चिरा दप्तराआड लपवू लागली असतील. पूर्वी मी सोमवारी मुलांची नखे तपासत असे. आता या दिवसांत बोटेही तपासते. कोणाच्या तर्जनीवर बारीक, खोल चीर दिसली की विचारते, "कशाने कापलं रे?" उत्तर ठरलेले असते. "ब्लेडने, मॅडम." सगळ्या वर्गाची बोटे एकाच महिन्यात ब्लेडने कशी कापतात, हे मी विचारत नाही. कारण एके काळी माझ्या घरातही हेच उत्तर मिळाले होते आणि मी ते खरे मानले होते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. संक्रांतीला आठवडा राहिला होता. माझ्या बहिणीचा मोठा मुलगा संध्याकाळी कामावरून स्कूटरने घरी येत होता. उजेड कमी झालेला. गळ्याला एकदम काहीतरी चावल्यासारखे झाले, म्हणून त्याने ब्रेक दाबला आणि हात वर नेला, तर बोटेही कापली. एक टोक कुठल्या तरी झाडात, दुसरे कुठल्या तरी गच्चीवर, असा मांजा रस्त्यावर आडवा ताणलेला होता. थंडी म्हणून त्याच्या अम्मीने सकाळी जबरदस्तीने गळ्यात मफलर गुंडाळला होता. तो अर्धा कापला गेला. गळ्याला नऊ टाके पडले, बोटांना चार. डॉक्टरांनी तो मफलर हातात घेऊन आम्हाला दाखवला आणि म्हणाले, "हा नसता, तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असतो."

रात्री घरी येऊन मी हे सगळे सांगितले. माझा धाकटा तेव्हा आठवीत होता. तो काही बोलला नाही, जेवलाही नाही. सकाळी झाडताना पलंगाखाली आसारी सापडली. तिच्यावर गुंडाळलेला दोरा चकचकीत होता आणि ओढून तुटत नव्हता. टोक काडीने पेटवून पाहिले. सुती दोरा जळला की राख होते. हा वितळला आणि त्याचा काळा मणी झाला. नायलॉन.

"हा कुठून आणलास?"

"अम्मी, सगळेच आणतात."

"सगळ्यांचं मला सांगू नकोस. तू का आणलास?"

तो म्हणाला, "साध्या दोऱ्याने उडवला की दोन मिनिटांत वकाट होतो. मग सगळे हसतात. मी एकट्यानेच साधा वापरायचा का?"

आणि थोड्या वेळाने, खाली मान घालून, "अम्मी, भाईजानला माझ्या मांजाने नसेल ना कापलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याच्या मांजाने कापले नसेल. पण आदल्या रविवारी त्याचाही पतंग कटला होता, शे-दोनशे फूट दोरा वाऱ्यावर निघून गेला होता. तो कुठे अडकला, कोणाच्या वाटेत आला, हे त्यालाही ठाऊक नव्हते आणि मलाही. मी वीस वर्षे मुलांना शिकवते. तो दोरा माझ्याच घरातून गेला होता.

भगिनींनो, त्या दिवसापासून मुलाचा एक प्रश्न माझ्या डोक्यात राहिला आहे. "मी एकट्यानेच साधा वापरायचा का?" आधी मला तो बहाणा वाटला. नंतर लक्षात आले की खरी अडचण नेमकी तिथेच आहे.

नायलॉनच्या मांजावर बंदी आहे, हे कोणाला माहीत नाही? राष्ट्रीय हरित लवादाने 11 जुलै 2017 रोजी देशभरासाठी आदेश दिला. नायलॉनचा किंवा कुठल्याही कृत्रिम धाग्याचा मांजा बनवणे, विकणे, साठवणे, विकत घेणे आणि वापरणे, सगळ्याला मनाई. नाशिकमध्ये संक्रांतीच्या आधी पोलीस दर वर्षी नव्याने मनाईचा आदेश काढतात, छापे पडतात, गट्टू जप्त होतात. शाळेत प्रतिज्ञा होते. मुले हात पुढे करून म्हणतात, आम्ही नायलॉन मांजा वापरणार नाही. संध्याकाळी तीच मुले गच्चीवर जातात आणि शेजारच्या गच्चीवरचा मुलगा नायलॉन घेऊन उभा असतो. सुती दोरा ताण वाढला की तुटतो. नायलॉन तुटत नाही, म्हणून तो पेचात जिंकतो. आणि तुटत नाही म्हणूनच तो गळा कापतो, पक्ष्याचे पंख कापतो आणि संक्रांत होऊन गेली तरी झाडाला लटकत राहतो. जो गुण मुलाला हवा आहे, तोच जीव घेतो. अशा वेळी एका घराने मांजा सोडला, तर त्या घराचाच पतंग कटतो. उपदेश एकेका मुलाला करून हे सुटत नाही. सगळ्या गच्च्यांनी एकाच दिवशी सोडायला हवे.

म्हणजे हे काम मोहल्ल्याचे आहे.

आपण अशा घटनांना अपघात म्हणतो, हादसा म्हणतो आणि "किस्मत होती" म्हणून गप्प बसतो. पण शिक्षिकेच्या नजरेने पाहा. ताप येतो तेव्हा आपण डास शोधतो, साचलेले पाणी ओततो. इजेलाही तसेच कारण असते, ठरलेली वेळ असते, ठरलेली जागा असते. मांजाने गळे जानेवारीतच कापतात, दुचाकीवरच कापतात, गच्च्यांच्या उंचीला आलेल्या उड्डाणपुलांवर जास्त धोका असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की इजा आणि हिंसा यांमुळे जगात दर वर्षी सुमारे 44 लाख माणसे मरतात. इतके सगळे नुसते नशिबावर सोडून चालणार नाही. रस्त्यातला काटा बाजूला करणे हा सदका आहे, हे आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. रस्त्यावर आडवा ताणलेला मांजा हा काटाच आहे. फरक एवढाच की तो आपणच टाकलेला आहे.

जगात काही गावांनी हे काम कसे केले, ते मी त्या सुट्टीत वाचून काढले. तीन गोष्टी मनात बसल्या.

पहिली स्वीडनमधल्या फाल्कोपिंग या छोट्या गावाची. 1970 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या आरोग्य खात्याच्या लोकांनी एक साधे काम केले. जखमी होऊन येणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवली. कुठे लागले, कशाने लागले, कोणत्या वेळी लागले. मग शाळा, शेतकरी, दुकानदार, म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणारे, अशा सगळ्यांना एकत्र बसवून ती यादी समोर ठेवली आणि ज्याच्या हातात जे आहे ते त्याने करायचे ठरले. काही वर्षांत घरातल्या, कामावरच्या आणि रस्त्यावरच्या इजा सुमारे पाव हिश्श्याने कमी झाल्या. या कामातूनच पुढे सुरक्षित वस्त्यांची कल्पना निघाली आणि 1989 मध्ये स्टॉकहोमला तिचा जाहीरनामा झाला. पण गोष्टीचा शेवट मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दहा वर्षांनी पुन्हा पाहिले, तर इजा परत वाढू लागल्या होत्या. कामाचा जोर ओसरला होता. म्हणजे हे एकदा करून भागत नाही. रमजानची तयारी जशी दर वर्षी नव्याने करतो, तसेच हे.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्क शहराची. तिथे गरीब वस्त्यांत उंच इमारतींच्या खिडक्यांतून लहान मुले पडून मरत होती. 1972 मध्ये शहराच्या आरोग्य खात्याने मोहीम सुरू केली. तिचे नाव होते, 'मुले उडू शकत नाहीत'. मूल खिडकीतून पडल्याची खबर आली की कार्यकर्ते त्या घरी जात, आईला दोष न देता बोलत आणि लहान मुले असलेल्या घरांना खिडकीची जाळी फुकट देत. ब्राँक्स भागात दोन-तीन वर्षांत पडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले आणि 1976 मध्ये अशा घरांना जाळी बसवणे घरमालकांवर बंधनकारक झाले. नुसते "सांभाळा हो मुलांना" म्हणून ते थांबले नाहीत. जाळी हातात दिली. गच्चीवर पतंगाकडे बघत मागे सरकणारे मूल आठवले की मला त्या मोहिमेचे नाव आठवते.

तिसरी गोष्ट बांगलादेशची, आपल्यासारख्याच घरांची. तिथे दाराशीच तळी-डबकी. लहान मुले बुडायची ती घरापासून काही पावलांवर, आणि बहुतेक सकाळी, जेव्हा आई चूल, पाणी, गुरे यांत गुंतलेली असते. मग गावातच 'आंचल' नावाची केंद्रे सुरू झाली. आंचल म्हणजे आपला पदर. पाच वर्षांच्या आतली वीस-पंचवीस मुले, सकाळी नऊ ते दुपारी एक, गावातल्याच एका बाईच्या नजरेखाली. तिला 'आंचल माँ' म्हणतात. जी वेळ धोक्याची, नेमक्या त्याच वेळी कोणाचा तरी पदर. जोडीला मोठ्या मुलांना पोहणे शिकवले. या केंद्रांतल्या मुलांचे बुडणे इतके घटले की 2022 मध्ये तिथल्या सरकारने अशी 8,000 केंद्रे चालवण्याची योजना मंजूर केली.

नोंद ठेवा, वस्तू हातात द्या, धोक्याच्या वेळी कोणीतरी उभे राहा. तीन देशांच्या तीन गोष्टी, पण आपल्या गल्लीतही करता येतील अशा.

या उलट नुसत्या धाकाने काय होते, तेही नाशिकने पाहिले आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून शहरात पोलिसांनी 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू केले. हेतू चांगलाच होता. हेल्मेटने डोके वाचते, यात वाद नाही. पण पंपाच्या बाहेर मी स्वतः पाहिले, एक जण पेट्रोल भरून बाहेर आला आणि त्याने डोक्यावरचे हेल्मेट काढून पुढच्या अनोळखी माणसाला दिले. दोघेही हसले. हेल्मेट पेट्रोलसाठी होते, डोक्यासाठी नव्हते. पुढे विनाहेल्मेट सापडणाऱ्यांना दोन तास बसवून समुपदेशन सुरू झाले, ते मला जास्त पटले. तरी माझा भाचा हेल्मेट घालू लागला, तो कशामुळे? त्याच्या अम्मीने चावी आणि हेल्मेट एकाच खिळ्याला टांगायला सुरुवात केली, तेव्हापासून.

आता आमच्या गल्लीची हकीकत सांगते. फार मोठे काही केले नाही, म्हणूनच सांगते.

मागच्या वर्षी नोव्हेंबरात मी शेजारच्या सात-आठ भाभींना चहाला बोलावले. मांजाचा विषय काढला तर पहिले पाच मिनिट सगळ्यांचे एकच, "आमचा नाही वापरत." मग मी माझ्या पलंगाखालची आसारी आणून समोर ठेवली आणि म्हणाले, "माझा वापरत होता." थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एकीने सांगितले की तिच्या मुलाचे बोट हाडापर्यंत कापले होते, टाके घातले, पण सासरी कोणाला सांगितले नाही. दुसरीचा दीर लोखंडी सळईने तारेवरचा पतंग काढताना विजेचा झटका बसून पडला होता. तिसरीचा भाऊ गच्चीवरून खालच्या पत्र्यावर पडला, पाय मोडला. एकाच गल्लीत एवढे सगळे घडले होते आणि प्रत्येक घराला वाटत होते की हे आपल्याकडेच झाले. मी वही काढली आणि लिहून घेतले. तीच आमची फाल्कोपिंगची यादी.

मग मुलांना बोलावले. त्यांना समोर बसवून मी भाषण केले नाही. माझ्या धाकट्यानेच विचारले, "सगळ्यांनी साधा वापरला तर?" एक मुलगा म्हणाला, "मग पेच बरोबरीचा होईल." दुसरा म्हणाला, "मग उडवता येणाराच जिंकेल." मुलांना न्याय लवकर कळतो. नियम त्यांनीच केला. गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर फक्त सुती दोरा, ज्याच्याकडे नायलॉन दिसेल त्याच्याशी कोणी पेच लावायचा नाही. पेच लावायला कोणी नसेल, तर नायलॉन घेऊन करायचे काय?

भाभींनी वर्गणी काढून सुती दोऱ्याची रिळे एकदम घेतली आणि घरोघर दिली. त्या बदल्यात नायलॉन परत घेतला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी बोलायला दोन वडीलधारी माणसे गेली. त्यांनी पोलिसांची भीती घातली नाही. एवढेच सांगितले की या गल्लीत आता तो खपणार नाही, तुम्ही सुती ठेवा, आम्ही तुमच्याकडूनच घेऊ. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीत दोन वाक्यांची सूचना झाली. आणि दुपारी चारनंतर गच्चीवर पाळीपाळीने एक मोठे माणूस बसायचे ठरले. माझ्या सासूबाई गुडघ्यांमुळे कुठे जात नाहीत, पण खुर्ची टाकून त्या दोन दुपारी वर बसल्या. "मलाच वकाट ओरडायला शिकवलं पोरांनी," म्हणाल्या.

सगळे जमले का? नाही. दोन घरांनी ऐकले नाही. एक मुलगा दुसऱ्या मोहल्ल्यात जाऊन उडवत होता, असे नंतर कळले. संक्रांतीला आमच्या गल्लीवरून दुसरीकडचा मांजा येऊन पडलाच. येवल्यात तर भोगी, संक्रांत आणि कर, असे तीन दिवस आकाश भरलेले असते. एका गल्लीने जिल्हा बदलत नाही. पण त्या जानेवारीत आमच्या वहीत नवीन नाव चढले नाही, आणि माझ्या धाकट्याचा पतंग अकरा वेळा कटला तरी तो रोज जेवला.

या वर्षी तुमच्या गल्लीत करायचे असेल, तर आतापासूनच सुरू करा. जानेवारीत मुलांच्या हातात आसारी आलेली असते, तेव्हा उशीर होतो. दोऱ्याचे टोक जाळून पाहा, मणी झाला तर तो घरात ठेवू नका. तसाच कचऱ्यात टाकू नका, कात्रीने बारीक तुकडे करून पिशवीत बांधून द्या. ज्या गच्चीला कठडा नाही, तिथे पतंग नाही, हा नियम कडक ठेवा. तारेवर अडकलेला पतंग तारेचाच. सळई, काठी, काही लावायचे नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला पक्षी थव्याने जातात, तेवढ्या वेळा आकाश त्यांना सोडा. संक्रांतीनंतरच्या रविवारी मुलांना घेऊन गल्लीतला लोंबता दोरा गोळा करा. माझा अनुभव असा, की त्यांना हे काम पतंग उडवण्याइतकेच आवडते.

दुचाकीवर जाणाऱ्यांनी हा महिनाभर गळ्याभोवती जाड मफलर किंवा ओढणी नीट गुंडाळून टोके आत खोचावीत, हेल्मेटची काच खाली ठेवावी, उड्डाणपुलावर वेग कमी ठेवावा आणि लहान मुलाला पुढे उभे करू नये. दोरा दिसला तर तो हाताने धरू नका, गाडी हळू करून थांबवा. कोणाला कापलेच, तर स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरा, पुन्हा पुन्हा उघडून बघू नका, रुतलेला दोरा ओढू नका आणि 108 ला फोन करा. विक्री चालू दिसली तर 112 वर कळवा. पण त्याआधी आपल्या पलंगाखाली पाहा.

भाच्याच्या गळ्यावरचा व्रण आता फिका झाला आहे. जवळून पाहिले तरच दिसतो. माझा धाकटा मात्र ईदला गळाभेट घेताना अजून तिथेच बघतो. तो आता दहावीत आहे. परवा मला म्हणाला, "अम्मी, या वर्षी बाजूच्या गल्लीतल्या मुलांनाही विचारू का? त्यांची गच्ची आपल्यापेक्षा उंच आहे."

मी म्हटले, "विचार. चहा मी करते."